आचार, विचार आणि सोवळे : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील सदाचाराची घडण

‘आचारविचार’ हा जोडशब्द मराठीत ज्या सहजतेने उच्चारला जातो, त्या सहजतेत एक जुना क्रम दडलेला आहे. आचार आधी, विचार नंतर. एकोणिसाव्या शतकातील ब्राह्मणी कुटुंबात ‘आचार’ म्हणजे प्रामुख्याने स्नान, सोवळे, अन्नोदकाचे निर्बंध, स्पर्शास्पर्श. मन शुद्ध असावे हे संतांनी सांगितले होतेच. परंतु घरातला नित्यक्रम ठरत असे तो हात, पाणी आणि भांडे यांच्या शुद्धीवरून. ख्रिस्ती सदाचाराची शिकवण मराठीत आली तेव्हा तिला हाच शब्द वापरावा लागला आणि त्याचा केंद्रबिंदू मात्र हलवावा लागला. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास धर्मांतराचा इतिहास म्हणून पुष्कळदा वाचला गेला आहे. एका शब्दाच्या अर्थांतराचा इतिहास म्हणूनही तो वाचता येतो.

या शिकवणीचे मूळ शुद्धाशुद्धतेच्या वादातच आहे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात न धुतलेल्या हातांनी जेवणाऱ्या शिष्यांवर आक्षेप घेतला जातो. माणसाला बाहेरून आत जाणारे अन्न विटाळत नाही, अंतःकरणातून निघणारे दुष्ट विचार विटाळतात, अशा आशयाचे उत्तर येशू देतो. विटाळाची कल्पना येथे नाहीशी होत नाही, ती मनाच्या ठिकाणी हलवली जाते. पुढे चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातील इव्हाग्रिअस या तपस्व्याने मनात शिरणाऱ्या आठ विचारांची मांडणी केली. जॉन कॅसियनने ती लॅटिन जगात नेली आणि सहाव्या शतकात पोप ग्रेगरीच्या हातून तिला सात पापांचे रूप आले. विचारांवर पहारा ठेवणे हीच दैनंदिन साधना, ही धारणा या परंपरेत दृढ झाली. १५४८ मध्ये छापल्या गेलेल्या इग्नेशियस लोयोलाच्या साधनाग्रंथात तर या पहाऱ्याची वही आहे. ज्या दोषाशी झगडायचे तो निवडावा, दुपारी आणि रात्री आत्मपरीक्षण करावे, प्रत्येक स्खलनासाठी रेघेवर एक खूण करावी आणि आजच्या खुणा कालच्या खुणांशी ताडून पाहाव्यात.

या शिस्तीत घडलेला थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याच्या कार्याचे मर्म त्याने निवडलेल्या वाङ्मयप्रकारात आहे. त्याने कोकणीत प्रश्नोत्तररूप ‘दौत्रिन’ रचली, जी १६२२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, राशोल येथे छापली गेली. परंतु त्याची खरी कीर्ती १६१६ च्या ‘क्रिस्तपुराणा’वर उभी आहे. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे हिरावली गेली होती. दौत्रिन चांगली आहे, पण तिच्या जागी ऐकायला एखादे पुराण हवे, ही श्रोत्याची मागणी खुद्द ग्रंथातच नोंदलेली आहे. ही मागणी केवळ मनोरंजनाची म्हणून सोडून देता येत नाही. आज्ञांची यादी पाठ होते, आचरण मात्र कथेच्या श्रवणाने घडते, असा अनुभव तिच्यामागे उभा आहे. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ म्हणजे त्या अनुभवाला दिलेली मान्यताच होय.

गोव्यातील धर्मसत्तेने मात्र दुसरा मार्ग धरला. १६८४ मध्ये स्थानिक भाषेच्या वापरावर फर्मानाने बंदी आली आणि १७३६ च्या इन्क्विझिशनच्या आदेशाने ख्रिस्ती घरांतील तुळस, मिठाविना शिजवलेला भात यांसारख्या गोष्टीही निषिद्ध ठरवल्या. ज्या धर्माच्या मूळ ग्रंथात बाहेरून आत जाणारे अन्न निरुपद्रवी मानले होते, त्याच धर्माची सत्ता आता भाताच्या भांड्यात डोकावू लागली. सोवळे गेले, पण त्याची रचना शिल्लक राहिली. फक्त निषिद्धांची यादी बदलली.

एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती लेखनाची प्रेरणा प्रॉटेस्टंट होती. अमेरिकन मिशनचे कार्य मुंबईत १८१३ पासून सुरू झाले आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघाले. १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. हिंदू विधवांच्या दुःस्थितीचे तिचे चित्रण धाडसी आहे आणि मराठी कादंबरीच्या इतिहासात तिचे स्थान निर्विवाद आहे. सदाचाराच्या घडणीच्या दृष्टीने पाहता मात्र तिची मर्यादा लगेच जाणवते. यमुना जे पाहते त्याने ती व्यथित होते. पण तिच्या विवेकाला फारसे काही शिकायचे उरलेले नाही. दोष समाजात आहेत आणि सद्गुण नायिकेत आधीच सिद्ध आहेत. प्रवासाच्या कथनाला येथे निबंधाचे काम करावे लागते.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या मार्गाने आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. ‘अभंगांजली’त ख्रिस्ती आत्मपरीक्षणाला अभंगाचा आत्मनिवेदनपर स्वर मिळाला आणि रेघेवरच्या खुणांचा हिशेब मागे पडून त्या जागी आर्जव आले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांप्रमाणेच न घेतलेल्यांनाही स्थान होते. आचरणाची कसोटी संस्थेच्या नोंदवहीपासून सोडवण्याचा हा प्रयत्न होता.

तथापि अर्थांतराची ही प्रक्रिया प्रत्यक्ष घडताना दिसते ती लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनाचा आरंभ वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने होतो. शुद्धीचा ध्यास घरातल्या माणसांना कसा पिळून काढतो, हे लक्ष्मीबाई कडवटपणा न आणता, विनोदाने सांगतात. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षांच्या ताटातुटीने त्या पुन्हा टिळकांकडे आल्या, तेव्हा त्यांचा स्वयंपाक आणि पाणी वेगळे होते. टिळकांनी त्यावर सक्ती केली नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या मनात उभा राहिला, उत्तर मिळाले आणि मग कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा त्यांचा निश्चय झाला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला. विचार, मग आचार, मग विधी : जोडशब्दातील जुना क्रम येथे उलटतो आणि तो एका स्वयंपाकघरात उलटतो.

या कथनात सद्गुणांची नावे क्वचितच येतात. क्षमा, औदार्य, सहनशीलता यांवर प्रवचन नाही. संतापी आणि उधळ्या पतीशी होणारी भांडणे आहेत, स्वतःच्या फजित्या आहेत आणि घरात येऊन राहणारी माणसे आहेत. बालकवी ठोंबरे या घरात मुलासारखे वावरले, ते ख्रिस्ती न होता. इग्नेशियसच्या साधकाप्रमाणे लक्ष्मीबाईही आपली स्खलने नोंदवतात. परंतु त्या खुणांची बेरीज त्या करत नाहीत. त्यांचा विनोद हेच त्यांचे आत्मपरीक्षण ठरते, कारण स्वतःकडे हसून पाहणाऱ्या मनात सदाचाराचा अहंकार टिकणे कठीण असते.

या वाचनाची एक मर्यादा स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. सोवळे सोडणे हा अनुभव ज्याच्यापाशी सोवळे होते त्याचा आहे. अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती समाजाचा फार मोठा भाग महार आणि मांग जातींतून आला. त्यांच्या वाट्याला आचाराचा विटाळ लादलेला होता, पाळलेला नव्हे. त्यांच्या दृष्टीने सदाचाराची पहिली पायरी त्यागाची नसून स्वत्वाच्या स्वीकाराची असणार. शिवाय गोव्यातील धार्मिक बंधुसंघांपासून गावोगावच्या चर्चमधील बैठकीपर्यंत जात ख्रिस्ती समाजातही टिकून राहिली. म्हणजे शब्दाचे अर्थांतर वाङ्मयात झाले, तेवढे समाजात झाले नाही. टिळकांच्या घरातील परिवर्तनालाच मराठी ख्रिस्ती आचरणाचा एकमेव नमुना मानले, तर समीक्षाही नकळत सोवळ्यातच राहते.

तरीही ‘स्मृतिचित्रे’चे महत्त्व त्यामुळे उणावत नाही. दौत्रिनीने सदाचार सांगितला, फर्मानाने तो लादला आणि कादंबरीने त्याचा आदर्श उभा केला. सदाचार शिकताना माणूस अडखळतो कसा, हे मात्र लक्ष्मीबाईंच्या गद्यात उतरले. क्रिस्तपुराणातील श्रोत्याने दौत्रिनीखेरीज जे मागितले होते, ते तीन शतकांनंतर घरातल्या भाषेत मिळाले, आणि ते देणाऱ्या स्त्रीला आपण उपदेश करतो आहोत असे कोठेही वाटलेले दिसत नाही.