घोंगडी, स्वेटर आणि घरचा कुत्रा



पौष महिन्यात शहरातील एखाद्या स्नेह्याकडे संध्याकाळी गेले असता हल्ली एक दृश्य पाहावयास मिळते. घरातील मुलगी लोकरीचा गुंडा मांडीवर घेऊन बसलेली असते, सुया भराभर चाललेल्या असतात, आणि विणला जाणारा तो चिमुकला स्वेटर कोणा बाळाचा नसून तिच्या पायाशी वेटोळे करून निजलेल्या कुत्र्याचा असतो. आजोबा चष्म्यावरून पाहतात आणि विचारतात, "आमच्या वेळची कुत्री काय उघडी पडली होती?" प्रश्न थट्टेचा खरा, परंतु त्यास इतिहासाने उत्तर द्यावे, इतक्या योग्यतेचा आहे. ते उत्तर मी आज महाड व पोलादपूर या रायगड जिल्ह्यातील दोन तालुक्यांत शोधणार आहे. थंडीसाठी प्रसिद्ध नसलेला हा मुलूख मी का निवडला, हे पुढे आपल्या ध्यानात येईल.

महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री सह्याद्री उतरून पोलादपूर व महाड यांवरून बाणकोटच्या खाडीकडे जाते. वर साडेचार हजार फुटांवर बोचरी थंडी, खाली उष्ण व दमट कोकण. पावसाळा सरला की देशावरील मेंढपाळ धनगर आपले कळप घेऊन सह्याद्रीचे घाट उतरतात, ही चाल फार जुनी आहे. कापणी झालेल्या शेतात मेंढ्या बसवावयाच्या. शेतकऱ्यास खत मिळावे, धनगरास धान्य किंवा पैसा मिळावा, असा हा व्यवहार. या कळपांबरोबर कुत्री असतात. रात्री मेंढ्या एका जागी दाटीने बसलेल्या, मधोमध विझत चाललेली शेकोटी, आणि भोवताली बिबट्याच्या भयाने जागा असलेला कुत्रा. आजोबांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर येथे आहे.

या माणसाजवळ उबेचे साधन एकच, ते म्हणजे घोंगडी. मेंढीची लोकर कातरावयाची, धनगरांच्या बायकांनी ती कातावयाची, सणगराने ते सूत चिंचोक्याच्या खळीने ताठ करून खड्ड्याच्या मागावर विणावयाचे, असा तिचा जन्म. दख्खनी मेंढीची लोकर आखूड व राठ. म्हणून घोंगडी अंगास टोचते, पण पाऊसवारा सोसते. ती कोणाच्याही मापाने केलेली नसते. अंथरावी, पांघरावी, पावसात खोळ करून डोक्यावरून घ्यावी. आणि मापच नसल्यामुळे तिच्या काठाशी कुत्र्यासही जागा होते. आमच्याकडील कुत्री उघडी पडली नव्हती. त्यांची ऊब धन्याच्या उबेतच वाटून घेतलेली होती.

सुयांवरचे विणकाम ही अगदी निराळी विद्या. मागावर उभा धागा व आडवा धागा एकमेकांस बांधून टाकतात. सुईवर मात्र एकच धागा स्वतःच्याच फासातून पुढे जात राहतो. म्हणून ते कापड ताणते, आखडते आणि अंगाचा आकार घेते. या रीतीने विणलेले जुने मोजे मिसर देशात सापडले असून ते सुमारे अकराव्या ते चौदाव्या शतकांतील आहेत. इंग्लंडात विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र १५८९ साली केले. आमच्याकडे सुया आल्या त्या एकोणिसाव्या शतकात, मिशनऱ्यांच्या शाळांतून व युरोपियन स्त्रियांच्या बैठकींतून. पुढे दोन्ही महायुद्धांत सैनिकांसाठी लोकरीचे मोजे व गळपट्टे विणण्याचे काम शहरांतील स्त्रियांनी हाती घेतले, आणि ही कला घरोघर रुजली. महाड तालुक्यातील फौजी आंबवडे या गावाने तर आपल्या नावातच फौज बाळगली आहे. मराठा पलटणी १९४३ ते १९४५ या वर्षांत इटलीच्या डोंगरांत लढल्या, तेव्हा घोंगडीच्या मुलखातील कित्येक जवानांच्या अंगी विणलेली जर्सी होती.

मापाने विणावयाचे म्हटले म्हणजे ज्याच्यासाठी विणावयाचे त्याच्याकडे नीट पाहावे लागते. कुत्र्याच्या छातीचा घेर, मानेचा घेर, आणि मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीची लांबी अशी तीन मापे घ्यावी लागतात. घेर सोळा इंच आणि इंचास पाच टाके बसत असतील, तर ऐंशी टाके हवेत. गळ्याशी एक सुलट, एक उलट असे टाके घातले की ते ताणून डोके सुटते. पुढील पायांसाठी टाके बंद करून दोन झरोके ठेवावे, व पोटाकडील बाजू आखूड ठेवावी. लहान जिवाचे अंग वजनाच्या मानाने अधिक उघडे, म्हणून ते लवकर निवते. पिलू, म्हातारा कुत्रा आणि आखूड केसांचा कुत्रा यांना स्वेटराचा खरा उपयोग. दाट केसांच्या कुत्र्यास मात्र तो जाच होय. कुत्र्याच्या अंगास आमच्यासारखा घाम येत नाही; जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा मुख्य उपाय. महाडसारख्या गावी हिवाळ्यातील थोड्याच रात्री स्वेटर घालावा, आणि ओला झाल्यास तत्काळ काढावा.

आता महाड तालुक्यातील सर्वांत प्रसिद्ध कुत्र्याकडे वळू. रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीशेजारी वाघ्याचा पुतळा आहे. महाराज १६८० साली निवर्तले, तेव्हा त्यांच्या चितेत या कुत्र्याने उडी घेतली, अशी कथा सांगतात. समकालीन कागदांत तिचा आधार नाही. राम गणेश गडकरी यांच्या अपुऱ्या राहिलेल्या 'राजसंन्यास' नाटकाने तिला लोकप्रियता दिली, आणि इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या देणगीच्या साहाय्याने १९३६ च्या सुमारास पुतळा उभा राहिला. या शतकाच्या दुसऱ्या दशकात तो काढला गेला व पुन्हा बसविला गेला. वाद अद्याप शमलेला नाही. मला त्या वादात पडावयाचे नाही. एवढेच म्हणतो, की मेलेल्या कुत्र्याच्या निष्ठेवर आम्ही इतके बोललो; परंतु जिवंत कुत्र्यास रात्री थंडी वाजते की काय, हे आमच्यापैकी थोड्यांनीच विचारले. ते विचारणारा धनगर होता. त्याची नोंद कोणत्याही बखरीत नाही.

आणि महाडचे नाव घेतल्यावर आणखी एक गोष्ट न सांगता भाषण संपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. या गावाच्या चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत, कुत्री पाणी पीत; अस्पृश्य मानलेल्या माणसांस मात्र बंदी होती. मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव केला, महाडच्या नगरपालिकेनेही पुढील वर्षी तळे खुले ठरविले; पण ठराव कागदावरच राहिला. शेवटी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले व त्यांनी ओंजळभर पाणी घेतले. त्यानंतर सनातनी मंडळींनी शेण, गोमूत्र, दूध, दही घालून तळ्याची शुद्धी केली! न्यायालयातील लढा १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाच्या निकालाने संपला. कुत्र्याच्या तोंडाने जे पाणी विटाळले नाही, ते माणसाच्या ओंजळीने विटाळले, असे मानणारी घरे क्रूर लोकांची नव्हती. त्या घरांतही कुत्र्यास प्रेमाने भाकर घालीत असतील. हीच गोष्ट मनास अधिक बोचते.

म्हणून आजोबांस माझे उत्तर असे. कुत्र्याचा स्वेटर हे थेर नव्हे. धनगराच्या घोंगडीच्या काठाशी जी माया होती, तीच आता सुईवर आली आहे, आणि नव्या विद्येने ती मापात बसली आहे. परंतु त्या मुलीसही एक सांगेन. बाई, तुझा स्वेटर पुरा झाला, आणि गुंड्यात लोकर उरली, तर सकाळी जिन्यावर झाडलोट करावयास येणाऱ्या बाईच्या लेकरास टोपी आहे की नाही, तेवढे पाहा. आणि ती बाई पाणी मागेल, तेव्हा आपल्या घरच्याच पेल्यातून दे.