२१४७४८३६४७ : ऑयलरची मूळ संख्या

दोन हा अंक एकतीस वेळा मांडून गुणाकार केला आणि येणाऱ्या संख्येतून एक वजा केला, की २१४७४८३६४७ ही दहा अंकी संख्या मिळते. आपल्या पद्धतीने वाचायची तर २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. ही मूळ संख्या आहे. म्हणजेच १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला विभाजक नाही.

दोनच्या घातातून एक वजा करून येणाऱ्या मूळ संख्यांना मेर्सेन संख्या म्हणतात. त्यासाठी घातांक मूळ असावा लागतो, पण तेवढे पुरत नाही. घातांक ११ घेतला तर २०४७ येते आणि तिचे २३ व ८९ असे अवयव पडतात. फ्रेंच धर्मोपदेशक मारँ मेर्सेन यांनी १६४४ मध्ये दिलेल्या घातांकांच्या यादीत ३१ होता. सिद्धता मात्र नव्हती, आणि त्या यादीतील ६७ व २५७ हे घातांक पुढे चुकीचे ठरले.

३१ ची सिद्धता १७७२ मध्ये लिओनार्ड ऑयलर यांनी दिली. तेव्हा ते सेंट पीटर्सबर्गमध्ये होते व त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. या संख्येचे वर्गमूळ ४६३४० हून किंचित अधिक आहे. तेथपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायचे तर सुमारे ४८०० भागाकार करावे लागतात. ऑयलर यांनी दाखविले, की विभाजक असलाच तर त्याला २४८ ने भागता बाकी १ किंवा ६३ उरलीच पाहिजे. एवढ्या एका चाळणीने काम चारशे भागाकारांच्या आत आले. त्यानंतर पाऊण शतकाहून अधिक काळ याहून मोठी मूळ संख्या कोणाला ज्ञात नव्हती.

या संख्येला दोनच्या तिसाव्या घाताने गुणले असता २३०५८४३००८१३९९५२१२८ ही आठवी परिपूर्ण संख्या मिळते. स्वतःला वगळून तिच्या सर्व विभाजकांची बेरीज तीच संख्या येते. याहून मोठी परिपूर्ण संख्या कोणी शोधणार नाही, कारण तिचा उपयोग काहीच नाही, असे इंग्रज गणिती पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये लिहून ठेवले. १८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी १२७ घातांकाची ३९ अंकी मूळ संख्या सिद्ध केली आणि ते भाकीत मोडीत निघाले.

निरुपयोगी म्हटलेल्या याच संख्येशी संगणकाची गाठ पडली. ३२ बिटांपैकी एक बिट चिन्हासाठी राखला, की उरलेल्या ३१ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’ या गाण्याची प्रेक्षकसंख्या या मर्यादेपर्यंत पोहोचली, तेव्हा यूट्यूबला आपली मोजणी ६४ बिटांवर न्यावी लागली. गाण्याचे एक वेळ ठीक. पण अनेक संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून तारीख ठरवितात. ज्या जुन्या यंत्रणांत ही मोजणी ३२ बिटांतच राहील, तेथे १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ही संख्या गाठली जाईल. पुढच्या सेकंदाला त्या यंत्रांच्या लेखी डिसेंबर १९०१ उजाडेल.