गुपितांची जाहीर सभा

ऑक्टोबर १९७७. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठात इन्फर्मेशन थिअरीची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. व्यासपीठावर स्टॅनफर्डचे प्राध्यापक मार्टिन हेलमन बोलत होते आणि शेजारी राल्फ मर्कल आणि स्टीव्ह पोलिग हे त्यांचे दोन विद्यार्थी नुसते उभे होते. निबंध त्या दोघांचे, पण वाचायला गुरुजी. हा मानपानाचा प्रकार नव्हता. त्याच जुलैत जे. ए. मेयर नावाच्या गृहस्थांनी परिषद भरवणाऱ्या अभियंत्यांच्या संस्थेला पत्र पाठवलं होतं. क्रिप्टोग्राफी अमेरिकी कायद्याने युद्धसामग्रीच्या यादीत मोडते, तेव्हा परदेशी श्रोत्यांसमोर तिच्यावर बोलणं म्हणजे परवान्याविना शस्त्रनिर्यात ठरू शकते, असा त्याचा मथितार्थ. गृहस्थांनी पत्र खासगी नागरिक म्हणून लिहिलं होतं, पण ते राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत, म्हणजे एनएसएत नोकरीला आहेत हे लवकरच बाहेर आलं. स्टॅनफर्डच्या वकिलांनी हिशेब मांडला. खटला झालाच तर कायम नोकरीतल्या प्राध्यापकाच्या पाठीशी विद्यापीठ उभं राहील, पण पीएचडीच्या पोरांचं करिअर त्या खटल्यातच संपेल. म्हणून हेलमन बोलले.

मी पुण्यात एम.एस्सी.च्या वर्गाला क्रिप्टोग्राफी शिकवते आणि पहिल्याच तासाला हा किस्सा सांगते. ‘मॅडम, हे परीक्षेला आहे का?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. नाही, परीक्षेला नाही. पण या विषयात माणसं परिषदा भरवायला एवढी धडपडली का, ते यातून कळतं. गुपितांचं शास्त्र तोवर सरकारी तळघरात होतं. ते चव्हाट्यावर आणायचं तर एक सभा लागणार होती.

ती १९८१ च्या ऑगस्टमध्ये मिळाली. ॲलन गर्शो यांनी कॅलिफोर्नियात, सांता बार्बराच्या विद्यापीठात ‘क्रिप्टो ८१’ भरवली. समुद्राकाठचा परिसर, उन्हाळी सुट्टीत रिकामी पडलेली विद्यार्थ्यांची वसतिगृहं, त्यातच पाहुण्यांची सोय. पुढच्या वसंतात थॉमस बेट यांनी युरोपातली पहिली बैठक बोलावली, तीही कुठे, तर बव्हेरियातल्या बुर्ग फॉयरश्टाइन या गढीत. ही गढी दिसते मध्ययुगीन, पण बांधलीय दुसऱ्या महायुद्धात. ऑस्कर फियरलिंग या अभियंत्याची गुप्त प्रयोगशाळा तिच्यात दडवलेली होती, आणि तिथल्या कामांत आवाज सांकेतिक करून पाठवण्याच्या यंत्रांचाही समावेश होता. युद्धानंतर ती कॅथलिक तरुणांचं केंद्र झाली. ठिकाण निवडताना हा इतिहास कुणाच्या मनात होता की नुसतं भाडं परवडत होतं, देव जाणे. पण जागा विषयाला शोभली.

त्याच वर्षी, १९८२ च्या ऑगस्टमध्ये, सांता बार्बराला जे झालं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत रंगतदार प्रकरण वाटतं. मर्कल आणि हेलमन यांनी ‘नॅपसॅक’ नावाची सार्वजनिक किल्लीची पद्धत काढली होती, म्हणजे कुलूप लावायची किल्ली जगजाहीर आणि उघडायची फक्त मालकाकडे. कल्पना सोपी. हजार वेगवेगळ्या वजनांतून काही उचलून पिशवीत टाकली आणि फक्त एकूण वजन सांगितलं, तर कोणती वजनं उचलली ते ओळखणं महाकठीण. अदी शमीर यांनी त्या वसंतात मूळ पद्धत मोडल्याचं जाहीर केलं होतं. पण तिचे फेरफार केलेले भाईबंद अजून उभे होते, आणि त्यांपैकी एक आपला संगणक मोडून दाखवेल असा दावा लेन ॲडलमन यांनी केला. संगणक म्हणजे ॲपल टू, घरातल्या टेबलावर बसणारा.

सत्राचे अध्यक्ष होते व्हिटफील्ड डिफी. इतरांची भाषणं चालली होती आणि ते यंत्र टेबलावर मुकाट आकडेमोड करत होतं. शेवटी ॲडलमन उठले आणि आधी सिद्धान्त समजावू लागले. मागे कार्ल निकोलाय नावाचा माणूस पडद्यावरचे आकडे उतरवून एका पारदर्शिकेवर लिहीत होता. मग सीलबंद पाकिटातून मूळ उत्तराची दुसरी पारदर्शिका निघाली. दोन्ही प्रोजेक्टरवर शेजारी शेजारी ठेवल्या. आकडा न् आकडा जुळला. फजिती ॲडलमनची व्हायची होती, झाली नॅपसॅकची.

याच परिषदेच्या आगेमागे डेव्हिड चॉम यांच्या पुढाकाराने क्रिप्टोग्राफीच्या संशोधकांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. आज या विषयाच्या बहुतेक मोठ्या परिषदा तीच भरवते. संघटनेचा इतिहास एरवी समित्यांचा आहे, तो सोडून देऊ.

पाकिटाचं नाटक थरारक होतं, पण त्यातून एक अडचणही उघडी पडली. ‘आजवर कुणी मोडली नाही’ ही सुरक्षिततेची खात्री उद्या दुपारपर्यंतच टिकते. मग सुरक्षित कशाला म्हणायचं? याचं उत्तर सांता बार्बरात नव्हे, तर त्याच वर्षी मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोत, संगणनाच्या सिद्धान्तावरच्या ‘स्टॉक’ परिषदेत वाचलं गेलं होतं. बर्कलीतले दोन पीएचडीचे विद्यार्थी, शफी गोल्डवासर आणि सिल्व्हियो मिकाली, फोनवर पत्ते प्रामाणिकपणे कसे खेळायचे हे सोडवायला निघाले आणि जाता जाता त्यांनी व्याख्या दिली. शत्रूने स्वतःच दोन संदेश निवडावेत, आपण त्यातला एक कुलपात घालून त्याला द्यावा; कोणता घातला हे त्याला नाणेफेकीपेक्षा बरं ओळखता आलं नाही, तर पद्धत सुरक्षित. ऐकायला साधं आहे. पण ‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच दोन संदेश असतील, तर ज्या पद्धतीत एका संदेशाचा नेहमी एकच सांकेतिक मजकूर निघतो ती इथेच नापास होते, कारण सार्वजनिक किल्ली घेऊन शत्रू दोन्ही बंद करून ताडून बघेल. म्हणून कुलूप लावताना दरवेळी नशिबाचा थोडा अंश मिसळलाच पाहिजे.

या दोघांचा चार्ल्स रॅकॉफ यांच्यासोबतचा पुढचा निबंध अनेकदा नाकारला गेला आणि १९८५ मध्ये प्रॉव्हिडन्सच्या ‘स्टॉक’मध्ये एकदाचा लागला. एखादं विधान खरं आहे एवढंच पटवायचं, त्याखेरीज काडीचीही माहिती द्यायची नाही, असं त्याचं अजब म्हणणं. ‘झिरो नॉलेज’ ते हेच. गोल्डवासर आणि मिकाली यांना २०१२ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. निबंध परत आला म्हणून रडवेल्या होणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा दाखला मी हाताशी ठेवते.

पुढची वीस वर्षं ही व्याख्येची मंडळी दोन दगडांवर पाय ठेवून होती. ‘स्टॉक’मध्ये ती अनेकांतली एक, आणि ‘क्रिप्टो’त प्रमेयांना जागा अपुरी. अखेर फेब्रुवारी २००४ मध्ये एमआयटीत ‘थिअरी ऑफ क्रिप्टोग्राफी कॉन्फरन्स’, म्हणजेच टीसीसी, सुरू झाली. मोनी नाओर पहिल्या निवड समितीचे अध्यक्ष होते. प्रॉडक्ट नाही, प्रात्यक्षिक नाही, पायाच्या प्रश्नांवर बोला, असा एकूण बाज. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, ही मंडळी आता आपसातच बोलणार. मलाही तेव्हा तीच भीती होती.

तिसऱ्याच वर्षी, मार्च २००६ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सिंथिया ड्वर्क, फ्रँक मॅकशेरी, कोबी निसिम आणि ॲडम स्मिथ यांचा निबंध आला. विषय कुलपांचा नव्हताच, आकडेवारीचा होता. समजा, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने नोटीस बोर्डावर लावलं की इथल्या चौदा जणांना मधुमेह आहे. पंधरवड्याने तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू घर सोडून गेले आणि नव्या नोटिशीत तेरा आले. कुणाचंही नाव न छापता भाडेकरूंचा आजार अख्ख्या सोसायटीला कळला. निबंधाचा उपाय असा की खऱ्या उत्तरात यदृच्छेने काढलेला एक लहान आकडा मिसळूनच ते जाहीर करावं. किती मिसळायचा, हे एका माणसाच्या असण्यानसण्याने उत्तर जास्तीत जास्त किती हलतं त्यावर ठरवावं. मोजणीत एक माणूस उत्तर एकानेच हलवतो, म्हणून थोडंसं पुरतं. लाखाच्या बेरजेला त्याने धक्का लागत नाही आणि भाडेकरू मात्र झाकले जातात. सूत्र नीट पाहिलं की १९८२ चाच सांगाडा दिसतो. तिथे दोन संदेश वेगळे ओळखता येऊ नयेत, इथे एक माणूस असलेली आणि नसलेली, अशा दोन याद्या.

‘डिफरन्शियल प्रायव्हसी’ हे नाव त्याच वर्षी पडलं. २०१७ मध्ये निबंधाला गोडेल पारितोषिक मिळालं. आणि २०२० च्या अमेरिकन जनगणनेचे तपशीलवार तक्ते याच पद्धतीने थोडे थोडे हलवून प्रसिद्ध झाले, कारण २०१० च्या छापील तक्त्यांवरून कोट्यवधी माणसं पुन्हा ओळखता येतात हे जनगणना कार्यालयाने स्वतःच करून पाहिलं होतं. अलाबामा राज्य कोर्टात गेलं. हलवलेल्या आकड्यांवर मतदारसंघ कसे आखायचे, हा त्यांचा सवाल. कोर्टाने तो दावा २०२१ मध्ये फेटाळला. लहान गावांचे आकडे बिघडतात ही तक्रार मात्र मला अगदीच पोकळ वाटत नाही. झाकायचं किती आणि बिघडवायचं किती, हे प्रमेय सांगत नाही. ते माणसांनी ठरवायचं असतं.

नोव्हेंबर २०१८ मध्ये टीसीसी पहिल्यांदा भारतात आली, तीही पणजीला. दिवाळी नुकतीच सरली होती आणि आठवड्याभरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव सुरू व्हायचा होता. सिनेमाच्या त्या लगबगीत चार दिवस प्रमेयांवर काथ्याकूट चालला. आमोस बाइमेल आणि स्टेफान जेंबोव्स्की यांच्या समितीने निवडलेल्या निबंधांचे दोन जाडजूड खंड निघाले. या परिषदेतल्या निबंधांची सवयच अशी की ‘हे चालतं का?’ ही त्यांची पहिली चौकशी नसते. ‘ही व्याख्या घेतली, तर अशक्य काय होतं?’ इथून ते सुरू होतात.

परिषद आपल्याच जुन्या निबंधांना काळाच्या कसोटीचा पुरस्कार देते, आणि त्यासाठी निबंधाला किमान आठ वर्षं झालेली असावी लागतात. २००६ च्या त्या निबंधाला तो २०१६ मध्ये मिळाला. संशोधन निधीच्या अर्जात ‘अपेक्षित उपयोग’ असा रकाना असतो आणि त्यात दोन ओळींची जागा असते. तिथे ड्वर्क आणि मंडळींनी २००६ मध्ये ‘जनगणना’ लिहिलं असतं, तर माझ्यासारख्या परीक्षकाने भुवया उंचावल्या असत्या.

त्या हिशेबाने पणजीचे निबंध आता पुरस्काराच्या वयात आलेत. माझी पैज मोर वाइस आणि डॅनियल विक्स यांच्या निबंधावर आहे. मजकूर कितीही कुलूपबंद ठेवा, तुम्ही कोणतं पान कितव्यांदा उघडता हे सर्व्हरला दिसतंच. ते लपवायचं तर जास्तीची खेप किती घालावी लागते? निदान नुसतं वाचताना ती टाळता येईल का? ‘टाळता येत नाही’ हे सिद्ध करणंसुद्धा किती अवघड आहे, हे त्यांनी दाखवलं. ते सिद्ध झालं, तर संगणनशास्त्रातले दुसरेच जुने, अडून बसलेले प्रश्न सोबत सुटतील. यंदाच्या वर्गातल्या एका मुलीने माझ्याविरुद्ध पैज लावलीय. तिला आपापली माहिती गुप्त ठेवून दोन फेऱ्यांत आटोपणाऱ्या सामूहिक गणनेवरचा गर्ग, ईशाई आणि श्रीनिवासन यांचा निबंध सरस वाटतो, आणि तिचं म्हणणं ती फळ्यावर मांडायला लागली की मी अजून तरी नीट खोडून काढू शकलेले नाही.