अडलेल्या घासाचा इतिहास

घास गिळला म्हणजे तो आपल्या भारानेंच पोटांत पडतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः अन्ननलिकेचे स्नायू लाटेप्रमाणें आकुंचन पावून त्यास खालीं लोटतात, आणि जठराच्या मुखाशीं असलेलें स्नायूंचें कडें त्याच वेळीं सैल पडून वाट देतें. ही लाट मंदावली व कडें सैल पडेनासें झालें, तर भरल्या ताटावर बसूनही मनुष्य उपाशी राहतो!

अशा एका रोग्याची हकीकत थॉमस विलिस या इंग्रज वैद्यानें १६७४ सालीं दिली आहे. खाल्लेलें सारें उलटून पडे. विलिसनें देवमाशाच्या हाडाच्या काडीस टोकाशीं स्पंज बांधून दिला. रोगी जेवून त्या काडीनें अन्न खालीं ढकली, आणि याप्रमाणें तो कित्येक वर्षें जगला.

पुढें या विकारास ‘कार्डियोस्पाझम’, म्हणजे जठरमुखाची उबळ, असें नांव पडलें. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आर्थर हर्स्ट यांनीं दाखविलें कीं, दोष आवळण्याचा नसून सैल न पडण्याचा आहे. म्हणून त्या अर्थाचा ‘अकॅलेशिया’ हा ग्रीक शब्द रूढ झाला. नलिकेच्या भित्तींतील मज्जापेशी नष्ट होतात, हें त्याचें मूळ होय.

निदानाची साधनेंही क्रमानें आलीं. क्रोनेकर व मेल्टझर यांनीं १८८३ सालीं गिळतांना पडणारा दाब मोजला. १८९५ सालीं राँटजेनचे क्षकिरण सांपडले. आज बेरियम पाजून छायाचित्र घेतात, दुर्बिणीनें कर्करोग नाहीं याची खात्री करतात, आणि नाकांतून बारीक नळी घालून दाब मोजतात. शेवटचा निर्णय बहुधा हीच देते.

उपचारांत हेलर यांनीं १९१३ सालीं लाइपझिग येथें आंतील अस्तर न दुखवितां स्नायू छेदिला. फुग्यानेंही कडें ताणतात. २००८ सालीं योकोहामाच्या इनोऊ यांनीं तोच छेद तोंडावाटे दुर्बीण घालून घेतला.

तथापि गेलेल्या मज्जापेशी कोणताही उपाय परत आणीत नाहीं. विलिसची काडी काय अथवा इनोऊंची दुर्बीण काय, दोन्ही अडलेलें दारच उघडितात. म्हणून तें वेळींच ओळखणें महत्त्वाचें. घरांतील कोणी ‘घास अडतो’ म्हणूं लागला, कीं आपण आम्लपित्त किंवा मनाचा खेळ म्हणून त्याची बोळवण करतों. आम्हांस वाटतें, त्याचें म्हणणें आधीं नीट ऐकावें. निदानाची पहिली पायरी तीच आहे.