राजवाड्यातल्या इंग्रजीच्या बाई



आजची गोष्ट सुरू होते मार्च १८६२ मध्ये, बँकॉकला. सिंगापूरहून आलेल्या बोटीतून तिशीची एक विधवा बाई उतरते. सोबत पाच वर्षांचा मुलगा, लुई. थोरल्या मुलीला, एव्हिसला, तिनं शिकायला इंग्लंडला पाठवलंय. बाईचं नाव अ‍ॅना लिओनोवेन्स. तिला नोकरी लागलीय थेट सयामच्या राजाकडे. सयाम म्हणजे आजचं थायलंड. काम काय, तर राजाच्या मुलांना आणि राण्यांना इंग्रजी शिकवायचं.

याच बाईवरून पुढे ‘द किंग अँड आय’ हे ब्रॉडवेवरचं गाजलेलं संगीत नाटक आलं, १९५१ मध्ये. मग १९५६ मध्ये सिनेमा. थायलंडनं त्या सिनेमावर बंदी घातली, कारण त्यात त्यांचा राजा म्हणजे नुसता विक्षिप्त माणूस दाखवलाय. पण नाचगाणं आपण बाजूला ठेवू. मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे कुणी ऑनसाइटला निघालं की प्रश्न ठरलेले असतात. पगार किती? राहायची सोय काय? काम नक्की कोणतं? आणि तिकडे पोचल्यावर समोरचा माणूस चौथा प्रश्न विचारतो: तू मूळची कुठली? अ‍ॅनाबाईंचं बस्तान कसं बसलं, ते याच चार प्रश्नांतून बघू.

त्याआधी मालकाची ओळख. राजाचं नाव मोंगकुट. ऐकल्यासारखं वाटतंय ना? आपला ‘मुकुट’च तो. गादीवर बसण्याआधी हा माणूस सत्तावीस वर्षं बौद्ध भिक्खू होता. त्या काळात तो फ्रेंच बिशपकडून लॅटिन शिकला, अमेरिकन मिशनऱ्यांकडून इंग्रजी शिकला आणि खगोलशास्त्राच्या नादाला लागला. त्यानं अमेरिकेला पत्र लिहून हत्ती देऊ केले होते. फेब्रुवारी १८६२ मध्ये, म्हणजे अ‍ॅना पोचायच्या महिनाभर आधी, अब्राहम लिंकननं नम्रपणे नकार कळवला. तर असा हा राजा. १८५५ मध्ये ब्रिटिशांशी व्यापारी करार झालेला, दोन्ही बाजूंना युरोपी सत्ता पसरत चाललेल्या. आपल्या मुलांना या लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलता आलं पाहिजे, हे त्यानं ओळखलं होतं.

आता पहिला प्रश्न, पगार. महिना शंभर डॉलर. सोबत एक अट. इंग्रजी शिकवा, विज्ञान शिकवा, साहित्य शिकवा, पण धर्म शिकवायचा नाही. ही अट उगाच नव्हती. आधी, १८५१ पासून, मिशनऱ्यांच्या बायका राजवाड्यात शिकवायला यायच्या. पण इंग्रजीच्या आडून बायबल येऊ लागलं आणि १८५४ मध्ये ते वर्ग बंद पडले. म्हणून राजाला आता मिशनरी नसलेली बाई हवी होती. सिंगापुरातले सयामचे वकील टान किम चिंग यांच्यामार्फत अ‍ॅनाचं नाव पुढे आलं. तिथे ती इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी छोटी शाळा चालवत होती, पण त्यावर पोट भरत नव्हतं. पुढे बँकॉकमध्ये तिनं पगारवाढही मागितली. मिळाली नाही. काही गोष्टी दीडशे वर्षांतही बदलत नाहीत बघा!

दुसरा प्रश्न, घर. इथे खरी जुंपली. राजाचं म्हणणं, राजवाड्यातच राहा. आतला भाग म्हणजे बायकांचं स्वतंत्र गावच होतं. राण्या, मुलं, दासी, सगळा कारभार आतच. अ‍ॅनाला हे मान्य नव्हतं. संध्याकाळी दरवाजे बंद झाले की आपणही आतच अडकणार. तिला हवं होतं बाहेर, स्वतंत्र घर. ती लिहिते की आधी पंतप्रधानांच्या वाड्यात दिवस काढावे लागले, मग मासळीबाजाराजवळचं एक गलिच्छ घर दाखवलं गेलं, ते तिनं नाकारलं, आणि बऱ्याच खेपा घातल्यावर मनासारखं घर मिळालं. आता हे सगळं तिच्याच पुस्तकातून कळतं, आणि तिचं पुस्तक जपून वाचावं लागतं. का, ते पुढे येईलच.

तिसरा प्रश्न, काम. शाळा भरायची राजवाड्याच्या आत, एका मंदिरात. समोर वेबस्टरची स्पेलिंगची पुस्तकं आणि राजाची मुलं. मोंगकुटला आयुष्यभरात ऐंशीहून जास्त मुलं झाली, त्यामुळे पटसंख्येची चिंता नव्हती. त्यात एक आठ वर्षांचा मुलगा होता, चुलालोंगकोर्न. हेही नाव आपल्या ओळखीचं: चूडालंकरण. पुढे हाच राजा झाला, आणि त्याच्याच कारकिर्दीत, १८७४ पासून १९०५ पर्यंत, टप्प्याटप्प्यानं सयाममधली गुलामगिरी संपली. शिकवणं झालं की अ‍ॅनाच्या वाट्याला राजाचा इंग्रजी पत्रव्यवहार. म्हणजे कागदावर शिक्षिका, प्रत्यक्षात सेक्रेटरीसुद्धा. साडेपाच वर्षांच्या आत ती थकली आणि १८६७ मध्ये रजेवर निघून गेली. पुढच्याच वर्षी सूर्यग्रहण बघायला गेलेल्या मोंगकुटला मलेरिया झाला आणि तो गेला. अ‍ॅनाला परत बोलावणं आलं नाही.

आता चौथा प्रश्न. बाई, तुम्ही मूळच्या कुठल्या?

तिचं उत्तर पाठ होतं. जन्म १८३४, वेल्समधलं कार्नार्व्हन. वडील कॅप्टन क्रॉफर्ड, लढाईत पडले. नवरा मेजर, वाघाच्या शिकारीनंतर उन्हानं गेला. पंधरा वर्षांची असताना पहिल्यांदा हिंदुस्थानात आले.

तिच्या पुस्तकांवर, १९४४ मध्ये तिच्यावर आलेल्या पुस्तकावर, सगळ्या जगानं विश्वास ठेवला. १९७० च्या दशकात ब्रिस्टो नावाच्या इंग्रज अभ्यासकानं तिच्या मुलावर, लुईवर, पुस्तक लिहायला घेतलं. हा मुळात कोळ्यांचा अभ्यासक, जाळी विणणाऱ्या कोळ्यांचा. त्यानं वेल्समध्ये जन्माची नोंद शोधली. नाही सापडली. जाळं उलगडत तो पोचला हिंदुस्थानातल्या कागदपत्रांपर्यंत, आणि तिथे उत्तर होतं.

अ‍ॅना एडवर्ड्स. जन्म ५ नोव्हेंबर १८३१, अहमदनगर. हो, आपलं नगर, आजचं अहिल्यानगर!

वडील कॅप्टन नव्हते, सॅपर्स अँड मायनर्स पलटणीत सार्जंट होते. ती जन्मण्याआधीच गेले. आईनं दुसरं लग्न केलं, तेही एका साध्या आयरिश सैनिकाशी. आईचे वडील इंग्रज अधिकारी. आणि आजी? तिचं नाव कागदावर कुठेच नाही. बहुतेक भारतीय किंवा मिश्र रक्ताची असावी, असं अभ्यासक मानतात. अ‍ॅना लहानाची मोठी झाली ती छावण्यांमध्ये, आणि १८४९ च्या नाताळात तिचं लग्न लागलं पुण्यात. नवरा टॉमस लिओन ओवेन्स. मेजर नव्हे, कारकून. दोन मुलं लहानपणीच गेली. १८५९ मध्ये पेनांगला नवराही गेला. तेव्हा तो हॉटेलात नोकरीला होता.

आता विचार करा. सत्तावीस वर्षांची विधवा, दोन मुलं, हातात पैसा नाही. कंपनी सरकारनं १७९१ मध्येच भारतीय आयांच्या मुलांना वरच्या नोकऱ्या बंद केल्या होत्या. मिश्र रक्ताचा नुसता संशय आला तरी इंग्रजांच्या दिवाणखान्याचं दार बंद. नगरच्या बराकीत जन्मलेल्या बाईकडे अधिकाऱ्यांनी पोरं पाठवली असती? मला नाही वाटत. ‘वेल्सची मेजरीणबाई’ हीच तिची डिग्री होती. आणि बाहेर स्वतंत्र घर हवं हा तिचा हट्टही मला त्यामुळे वेगळा दिसतो. राजवाड्यात राहिली असती तर ती नोकरांत मोजली गेली असती. स्वतःचं घर म्हणजे मडमेची पत.

गंमत अशी, की त्या नोकरीला लागणारी खरी शिदोरी नगर-पुण्याचीच असणार. चार भाषा कानावर पडत वाढणं, वेगळ्या धर्माच्या माणसांत न बुजता वावरणं. हे वेल्सहून ताज्या आलेल्या बाईला एका रात्रीत जमलं नसतं.

किंमतही मोजावी लागली. १८८४ मध्ये तिनं हिंदुस्थानावर पुस्तक लिहिलं. त्यात ती मुंबई बंदरात उतरते, अगदी पहिल्यांदा आल्यासारखी. आपल्याच मुलखाचं वर्णन पाहुणी होऊन! सख्ख्या बहिणीचं कुटुंब तिच्या गोष्टीत कुठेच नाही. त्याच बहिणीचा नातू पुढे नाव बदलून हॉलिवूडला गेला: बोरिस कार्लोफ, १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला राक्षस. खोटी गोष्ट एकदा सांगितली की ती वाढवतही न्यावी लागते. राजानं राणीला जिवंत जाळल्याची कहाणी अ‍ॅनानं लिहिली, ती इतिहासकार मानत नाहीत. स्वतःची पत सांभाळताना दुसऱ्याच्या राजाची घालवली, हे मात्र मला माफ करता येत नाही.

नंतर ती कॅनडात स्थिरावली, हॅलिफॅक्सला १८८७ मध्ये कलाशाळा काढण्यात पुढे होती, आणि ती संस्था आज विद्यापीठ आहे. १८९७ मध्ये लंडनला चुलालोंगकोर्न तिला भेटला, तेव्हा तो राजा होता आणि ती पासष्ट वर्षांची. जानेवारी १९१५ मध्ये ती मॉन्ट्रियलला वारली. नगरचं नाव तिनं शेवटपर्यंत काढलं नाही.

तर मंडळी, नगरचा कुणी मित्र असेल तर त्याला हा एपिसोड नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!