काचेआडचा वर्ग



एखादे पोर वाचनात मागे पडले की आपण चटकन म्हणतो, "त्याचं डोकंच चालत नाही," नाहीतर "घरी कुणी लक्ष देत नाही." दोन्हीकडून मास्तर मोकळे! न्यूझीलंडमधल्या एका बाईंनी मात्र निराळेच विचारले. हे पोर वाचताना नेमके काय करते, हे शिक्षकाने कधी पाहिले आहे का?

या बाई म्हणजे ऑकलंड विद्यापीठातल्या मेरी क्ले (१९२६–२००७). नुकत्याच शाळेत आलेल्या शंभर मुलांचे वाचन-लेखन त्यांनी वर्षभर, आठवड्याच्या आठवड्याला टिपले आणि १९६६ साली त्यावर प्रबंध लिहिला. पद्धत साधी होती. मूल वाचते, शिक्षक कागदावर खूण करतो. शब्द बरोबर आला तर बरोबरची खूण. चुकला तर मूल काय बोलले तेच जसेच्या तसे लिहायचे. 'चूक' एवढेच लिहून भागत नसे.

१९७६ साली त्यांनी शिक्षकांना सोबत घेऊन मागे पडलेल्या सहा वर्षांच्या मुलांवर काम सुरू केले. रोज अर्धा तास, एक शिक्षक आणि एक मूल. ओळखीचे पुस्तक पुन्हा वाचायचे, एखादे वाक्य स्वतः लिहायचे, मग ते कागदाच्या पट्टीवर उतरवून कात्रीने कापायचे आणि शब्द जुळवून पुन्हा उभे करायचे. बारा ते वीस आठवड्यांत मूल वर्गाच्या बरोबरीला यावे, अशी अपेक्षा असे.

पण खरी नवलाई होती ती शिक्षकांच्या शिक्षणात. चार दिवसांचे शिबिर आणि हाती प्रमाणपत्र, असला प्रकार नव्हता. प्रशिक्षण वर्षभर चाले आणि शिक्षक तेवढा काळ मुलांना शिकवतच असे. एका खोलीत शिक्षक मुलाला शिकवी. मध्ये एकाच बाजूने दिसणारी काच. पलीकडे बाकीचे शिक्षक बसून बोलत: ती इथे का थांबली? मुलाला अवसर दिला का? उद्या काचेपुढे बसण्याची पाळी आपली, हे प्रत्येकाला ठाऊक असे. त्यामुळे बोलणे टोचले तरी ते सोसले जाई.

१९८३ पासून ही योजना न्यूझीलंडभर पसरली. १९८४ साली ती अमेरिकेत ओहायोला गेली, पुढे ब्रिटनलाही.

आता दुसरी बाजू. चित्र आणि अर्थ यांवरून शब्द ताडायला शिकवणे चुकीचे, अक्षर आणि ध्वनी यांची सांगड क्रमाने घातली पाहिजे, असे अनेक संशोधक सांगत राहिले. २०२२ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात तर असे दिसले, की तिसरी-चौथीत जाईपर्यंत या मुलांचा फायदा टिकला नाही. ती तशाच इतर मुलांच्या मागे पडली. २०२४ नंतर न्यूझीलंड सरकारने या योजनेचा पैसा थांबवला आणि २०२५ पासून सरकारी शाळांत अक्षर-ध्वनीची क्रमवार पद्धत सक्तीची केली.

मग सारे वाया गेले काय? तसे नाही. काचेआडच्या शिक्षकांनी एकमेकांना बारकाईने पाहिले, पण ज्या पद्धतीने शिकवत होते तिलाही तसेच तपासायला हवे होते. दोन्ही गोष्टी लागतात.

आपल्याकडे काच नको. पोर 'धर'चे 'घर' वाचते की वेलांटी गाळते, ते वहीत जसेच्या तसे टिपा. केंद्राच्या शिक्षण परिषदेत ती वही उघडा, शेजारच्या शाळेच्या बाईंना दाखवा. आणि तीन महिन्यांनी त्याच पोराला पुन्हा वाचायला बसवा.