मैनासुंदरीची कथा आणि माझं पोळपाट-लाटणं



आषाढातल्या अष्टान्हिकेत मंदिरात सिद्धचक्र विधान होतं. दरवर्षीप्रमाणे मैनासुंदरीची कथा झाली. जो तो आपल्या कर्माचं फळ भोगतो, असं तिनं वडिलांना सांगितलं. राजाला राग आला आणि त्यानं तिचं लग्न कुष्ठरोगी श्रीपाळाशी लावून दिलं. तिनं पतीची सेवा केली, विधान केलं, गंधोदक शिंपडलं; श्रीपाळ आणि त्याचे सातशे सोबती बरे झाले. ऐकताना माझे डोळे भरून आले.

त्याच आठवड्यात आमच्या पोळ्या करणाऱ्या मावशींच्या मनगटाजवळ मोठा फोड दिसला. तवा लागला होता, पण त्यांना कळलंच नव्हतं. फोडाभोवती तांबूस, कोरडा चट्टा होता. मी काय केलं? "मावशी, आता थोडे दिवस येऊ नका," म्हटलं. त्या गेल्यावर पोळपाट-लाटणं दोनदा घासलं.

रात्री झोप लागेना. सम्यग्दर्शनाची आठ अंगं मी पाठशाळेत मुलांना शिकवते. त्यातलं तिसरं निर्विचिकित्सा, म्हणजे किळस न करणं. उदाहरण उद्दायन राजाचं. परीक्षा घ्यायला देव रोगजर्जर मुनींचं रूप घेऊन आला, त्यांना वांती झाली, तरी राजानं तोंड फिरवलं नाही. आणि मी लाटणं घासत होते!

मग या रोगाचा इतिहास वाचायला घेतला. हा पापाचा किंवा आनुवंशिक रोग, असं शतकानुशतकं मानलं गेलं. १८७३ साली नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी त्याचा जंतू शोधला. तरीही १८९८ साली इंग्रज सरकारनं कायदा केला, तो निराधार रुग्णांना पकडून आश्रमात ठेवण्याचा. औषध म्हणून तेव्हा कडू कवठीच्या बियांचं तेल टोचत. ते दुखायचं फार आणि गुण यायचा थोडाच.

आपल्या महाराष्ट्रात या किळसेशी झुंजलेली माणसं झाली. सेवाग्रामला संस्कृत पंडित परचुरे शास्त्रींच्या अंगाला गांधीजी स्वतः मालिश करत. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभं केलं. बाबा आमट्यांची गोष्ट तर मला फार जवळची वाटली. रस्त्याकडेला पडलेला एक मरणासन्न रुग्ण पाहून ते आधी घाबरून पळाले होते. ती भीती त्यांना सहन होईना, म्हणून परत फिरून त्यांनी त्याची सेवा केली. त्यातूनच वरोऱ्याचं आनंदवन झालं, साधनाताईंच्या साथीनं. म्हणजे तेही आधी पळालेच होते. फरक एवढाच, की ते परत आले.

१९४० च्या दशकात डॅप्सोनच्या गोळ्या आल्या. पुढे जंतू त्यांना दाद देईनासे झाले, तेव्हा १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं अनेक औषधं एकत्र द्यायला सांगितलं. सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होऊ लागला. सरकारी दवाखान्यात ही औषधं मोफत मिळतात. उपचार सुरू झाले की रुग्णापासून लागण होण्याची भीती लवकरच संपते.

कायदा मात्र मागे राहिला. १८९८ चा कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडलं. आणि १९५५ चा हिंदू विवाह कायदा, जो आपल्यालाही लागू आहे, त्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं. ते २०१९ साली काढलं. मैनासुंदरीनं जे कारण कधी मानलं नाही, ते कायद्यात चौसष्ट वर्षं होतं. तिनं कर्मसिद्धांत सांगितला तो स्वतःपुरता. नवऱ्याला कधी "तुमचं पाप" म्हणाली नाही. आपण मात्र दुसऱ्याचा चट्टा पाहून त्याचं कर्म काढतो.

दुसऱ्या दिवशी मावशींच्या घरी गेले, माफी मागितली आणि त्यांना रिक्षातून सिव्हिलला नेलं. त्वचारोग विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी कापसानं हळूच स्पर्श करून चट्ट्यावर संवेदना आहे का पाहिलं, कोपराजवळची नस चाचपली. कुष्ठरोगच होता. बारा महिने गोळ्या झाल्या. लवकर गेल्यामुळे बोटं शाबूत राहिली. आमच्या पोळ्या आजही मावशीच करतात.

मैत्रिणींनो, घरात सगळ्यांची कातडी आपणच पाहतो. फिकट किंवा लालसर चट्टा, तिथं स्पर्श किंवा चटका न कळणं, हातापायाला मुंग्या, असं काही दिसलं तर लपवू नका, डॉक्टरांना दाखवा. दुधासारखा पांढरा डाग, म्हणजे कोड, हा वेगळा. तो कुष्ठरोग नव्हे आणि लागतही नाही.

गंधोदक आपण रोज माथी लावतोच. पण कथेत ते शिंपडण्याआधी मैनासुंदरी त्या रुग्णाजवळ जाऊन बसली होती, हे मी इतकी वर्षं ऐकूनही लक्षात घेतलं नव्हतं.

जय जिनेंद्र.